आवडत्या एंटरटेनमेंट कंपनीत पहिली नोकरी: आधी काम ठरवा, मग कंपनी

कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं की एकच प्रश्न सगळीकडून यायला लागतो, "मला पिक्सारमध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" पिक्सारच्या जागी डिझ्नी टाका, नेटफ्लिक्स टाका, निन्टेन्डो टाका, प्रश्न तोच. मी दरवेळी उलट विचारते, की तिथे गेल्यावर तुम्ही नेमकं काय करणार? सोमवारी सकाळी लॉगिन केलं, तुमच्या स्क्रीनवर काय उघडलेलं असेल? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं ना, तर निम्मी वाट तिथेच संपली. कारण कंपनीला तिच्या फिल्म्सवर प्रेम करणारी माणसं लाखोंनी मिळतात, पण जॉब पोस्ट निघते ती "लाइटिंग आर्टिस्ट", "प्रॉडक्शन असिस्टंट", "गेमप्ले प्रोग्रामर" अशा एका पदासाठी, आणि निवड करणारा माणूस फक्त एवढंच बघतो की हे काम ह्याला दिलं तर होईल का.

म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय. आधी काम, मग त्या कामाचा पुरावा, मग कंपनी.

पदाचं नाव शोधा

कंपनीच्या करिअर पेजवर जा आणि अर्ज न करता नुसत्या पोस्टी वाचत बसा, वीस-पंचवीस तरी वाचा. कुठली पोस्ट वाचताना "अरे हे तर मी आत्ताही रात्रभर बसून करतो" असं वाटतं ते टिपून ठेवा, आणि त्यात कुठली सॉफ्टवेअर्स, कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात तेही.

बाहेरून बघताना आपल्याला दिग्दर्शक, लेखक, ॲनिमेटर एवढेच दिसतात. पण एक ॲनिमेशन फीचर बनायला साधारण तीन ते पाच वर्षं आणि शेकडो माणसं लागतात. स्टोरीबोर्ड, कॅरेक्टर डिझाइन, मॉडेलिंग, रिगिंग म्हणजे पात्राच्या आतला हाडांचा सांगाडा तयार करणं, लेआउट, ॲनिमेशन, कपडे आणि केस बघणारी वेगळी टीम, इफेक्ट्स, लाइटिंग, कंपोझिटिंग म्हणजे वेगवेगळे थर जोडून शेवटचं चित्र बनवणं. हे झाले फक्त चित्राचे विभाग. त्याखाली ही सगळी माणसं ज्या टूल्सवर काम करतात ती टूल्स लिहिणारे पाइपलाइनवाले, रात्री रेंडर फार्म, म्हणजे फ्रेम तयार करणाऱ्या कॉम्प्युटर्सचा ताफा, सांभाळणारे, आणि शेड्यूल हातात धरून सगळीकडे पळणारी प्रॉडक्शन टीम. गेम कंपनीत क्यूए टेस्टिंग म्हणजे गेममधल्या चुका शोधणं, लेव्हल डिझाइन, टेक्निकल आर्ट, लोकलायझेशन म्हणजे गेम दुसऱ्या भाषेत नेणं. स्ट्रीमिंगमध्ये सबटायटल, डबिंग, राइट्सची कागदपत्रं, डेटा, मार्केटिंग. थीम पार्कवाल्या कंपन्यांना तर मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल इंजिनियर लागतात. कॉमर्स केलंय म्हणून दार बंद असं इथे अजिबात नाही, प्रॉडक्शन अकाउंटंटशिवाय एकही शूट होत नाही.

दोन पदं निवडा, एक मनातलं आणि एक त्याच्या शेजारचं. तीन-चार नको, कारण पुढची सगळी मेहनत या निवडीवर उभी राहणार आहे आणि "मी सगळंच करू शकतो" असं लिहिणाऱ्याला कुठल्या टीमकडे पाठवायचं हे रिक्रूटरला कळत नाही.

टूल्ससाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नका

ब्लेंडर हे 3डी सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, आणि 2025 मध्ये सर्वोत्तम ॲनिमेशन फीचरचा ऑस्कर जिंकलेली फिल्म ब्लेंडरमध्येच बनलीय, त्यामुळे "फुकटातलं सॉफ्टवेअर स्टुडिओत चालत नाही" हे आता कुणी सांगितलं तर ऐकू नका. इफेक्ट्ससाठी हुडिनीचं अप्रेंटिस व्हर्जन, कंपोझिटिंगसाठी न्यूकचं नॉन-कमर्शियल व्हर्जन, रेंडरिंगसाठी पिक्सारचं स्वतःचं रेंडरमॅन, हे सगळं शिकण्यासाठी फुकट मिळतं. विद्यार्थी असाल तर माया या 3डी सॉफ्टवेअरचं एज्युकेशन लायसन्स मिळतं, कॉलेजचा आयडी चालू आहे तोवर घेऊन टाका. एडिटिंग, कलर आणि साउंडसाठी डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन भरपूर आहे. गेमसाठी अनरिअल किंवा गोडो.

कोडिंगवाल्यांसाठी तर एक रस्ता आहे जो फार कमी जण धरतात. मोठ्या स्टुडिओंनी आपली आतली टूल्स ओपन सोर्स, म्हणजे कोडसकट सगळ्यांना खुली, केलेली आहेत. ओपनईएक्सआर हा इमेज फॉरमॅट आयएलएम या 'स्टार वॉर्स'वाल्या इफेक्ट्स स्टुडिओतून आलाय, धूर आणि ढगांसाठी वापरतात ते ओपनव्हीडीबी ड्रीमवर्क्सने 2012 मध्ये खुलं केलं, 3डी सीन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारं यूएसडी पिक्सारने 2016 मध्ये. 2018 मध्ये यासाठी अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशन नावाची संस्थाही निघाली, ऑस्कर देणारी अकॅडमी आणि लिनक्स फाउंडेशन यांनी मिळून काढलेली. या प्रोजेक्ट्सच्या गिटहबवर, म्हणजे कोड ठेवलेल्या साइटवर, जा, नवीन माणसाला जमतील असे छोटे इश्यू, म्हणजे तिथे नोंदवलेल्या अडचणी, शोधा, डॉक्युमेंटेशनमधली एखादी चूक दुरुस्त करा, एखादी टेस्ट लिहा. तुमचा कोड तपासणारे लोक बऱ्याचदा त्याच स्टुडिओंमध्ये नोकरीला असतात. रेझ्युमेत दहा ओळी लिहून जे पटवता येत नाही ते एका स्वीकारल्या गेलेल्या पुल रिक्वेस्टने, म्हणजे तुम्ही पाठवलेल्या कोडमधल्या बदलाने, पटतं.

रील आणि पोर्टफोलिओ, इथेच सगळा खेळ आहे

हा भाग नीट वाचा, बाकी घाईत वाचला तरी चालेल.

रील म्हणजे तुमच्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, आणि ती बघणारा माणूस एका बैठकीत ढिगाने रील्स बघतो. पहिला शॉट कच्चा असेल तर दुसऱ्यापर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही, म्हणून सगळ्यात भारी शॉट पहिला. लोकांना वाटतं चांगलं शेवटी ठेवू, क्लायमॅक्स येईल, तसं करू नका. विद्यार्थ्याची रील साठ ते नव्वद सेकंदांची पुरते. चार चांगले शॉट असतील तर चारच ठेवा, पाचवा भरतीचा टाकलात तर बघणारा तुमची लेव्हल त्या पाचव्यावरून ठरवतो, कारण त्याला कळतं की तुम्हाला दोन्हीतला फरक दिसत नाहीये.

सुरुवातीला नाव, पद आणि ईमेल, दोन-तीन सेकंद, बस. लोगोचं ॲनिमेशन नको. म्युझिक बंद करून बघणारे खूप असतात तेव्हा म्युझिकवर अवलंबून राहू नका, डायलॉगचा ॲक्टिंग शॉट असेल तर मात्र त्याचा आवाज स्वच्छ ठेवा. प्रत्येक शॉटच्या खाली बारीक अक्षरात लिहा की यातलं तुम्ही काय केलं. ग्रुप प्रोजेक्टमधला शॉट असेल आणि तुम्ही फक्त लाइटिंग केलं असेल तर "फक्त लाइटिंग" असंच लिहा. हे क्षेत्र बाहेरून अफाट वाटतं पण आतून फार छोटं आहे, तोच शॉट तुमच्या वर्गमित्राच्या रीलमध्येही असतो आणि तो त्याच टेबलवर येतो.

आता पदाप्रमाणे काय दाखवायचं. ॲनिमेटर असाल तर वजन दाखवा. एखादं पात्र जड पेटी उचलतंय असा साधा शॉट घ्या आणि नीट बघा: उचलण्याआधी ते वाकतं का, गुडघ्यात ताण येतो का, पेटी जमिनीवरून सुटते त्या क्षणी कंबर मागे जाते का, आणि पाय जमिनीवर घट्ट आहेत की घसरतायत. स्वतः तसं काहीतरी उचलताना मोबाइलवर शूट करा आणि फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून बघा, फिल्ममध्ये चोवीस फ्रेम म्हणजे एक सेकंद, त्यातल्या चार-पाच फ्रेममध्येच सगळं खरं-खोटं ठरतं. असा एक पाच सेकंदांचा शॉट नीट जमला तर तो उडणाऱ्या ड्रॅगनपेक्षा जास्त बोलतो, कारण ड्रॅगन खरा कसा उडतो हे कुणालाच माहीत नाही पण पेटी कशी उचलतात हे बघणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला माहीत असतं.

लाइटिंगवाल्यांनी एकच सीन सकाळ, संध्याकाळ आणि रात्र असा तीनदा लावून दाखवावा. मॉडेलरने टर्नटेबल, म्हणजे मॉडेल गोल फिरवून, आणि वायरफ्रेम, म्हणजे त्याची आतली जाळी. रिगरने पात्र टोकाच्या पोझमध्ये नेऊन खांदा फाटत नाही हे दाखवावं. कंपोझिटरने आधी-नंतर. एडिटरने तेच फुटेज दोन वेगळ्या पद्धतीने कापून. लेव्हल डिझायनरने खेळता येईल अशी लेव्हल, आणि सोबत एक पानभर, खेळणारा इथे का थांबतो आणि तिथे का वळतो. गेमवाल्यांना तर गेम जॅमसारखी दुसरी सोय नाही. ग्लोबल गेम जॅम 2009 पासून चालू आहे, लुडम डेअर त्याच्याही आधी 2002 पासून. ठरलेल्या वेळेत एक छोटा गेम पूर्ण करायचा असतो आणि "पूर्ण" हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा, अर्धवट राहिलेल्या तीन भव्य गेम्सपेक्षा संपलेला एक छोटा गेम बरा. सबटायटल आणि लोकलायझेशनमध्ये जायचं असेल तर नेटफ्लिक्सची सबटायटल स्टाइल गाइड सगळ्यांना वाचायला खुली आहे, दोन ओळींच्या वर जायचं नाही, एक सबटायटल सात सेकंदांपेक्षा जास्त स्क्रीनवर ठेवायचं नाही असे नियम त्यात आहेत, ते पाळून स्वतःच्या किंवा मित्राच्या शॉर्टफिल्मचे सबटायटल करा आणि तोच तुमचा पोर्टफोलिओ.

ट्युटोरियल बघून केलेलं काम शिकण्यासाठी उत्तम पण रीलमध्ये नको, बघणाऱ्याने तेच मॉडेल शंभरदा बघितलेलं असतं. त्याच कंपनीची पात्रं काढून पाठवावीत का, हेही खूप विचारतात. टीव्ही शोच्या स्टोरीबोर्डसाठी अर्ज असेल तर त्या शोच्या स्टाइलमध्ये एक सीक्वेन्स चालतो, फायद्याचाही ठरतो, पण सगळा पोर्टफोलिओ फॅन आर्टचा असेल तर तुमचं स्वतःचं डोकं कसं चालतं ते दिसणार कुठून?

आणि हो, स्वतःच्या फिल्मची गोष्ट किंवा स्क्रिप्ट अर्जासोबत पाठवू नका. मोठ्या कंपन्या न मागवलेली स्क्रिप्ट वाचतच नाहीत, उद्या कुणी म्हणायला नको की माझी आयडिया ढापली, म्हणून त्यांचे वकील तसा नियमच करून ठेवतात. लेखकांसाठी वेगळे प्रोग्रॅम असतात, तिकडून जा.

इंटर्नशिपचं कॅलेंडर

पुष्कळ इंटर्नशिपला अट असते की तुम्ही अजून शिकत असाल किंवा नुकतेच, साधारण वर्षभरात, पास झालेले असाल. म्हणजे "आधी डिग्री घेतो, मग एक वर्ष शांतपणे पोर्टफोलिओ करतो, मग अर्ज" असं ठरवलंत तर दार तेवढ्यात बंद होऊ शकतं. अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंच्या उन्हाळी इंटर्नशिपच्या जाहिराती बऱ्याचदा आधीच्या वर्षाच्या शेवटाकडे किंवा जानेवारीच्या आसपास येतात आणि काहींची मुदत फार थोडी असते. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत रील तयार हवी, अलर्ट लावून ठेवलेले हवेत. परदेशातली कंपनी असेल तर तिथे काम करायचा परवाना कसा मिळतो ते आधी वाचा, कारण बऱ्याच पोस्टींवर स्पष्ट लिहिलेलं असतं की त्या देशात काम करायचा हक्क तुमच्याकडे आधीपासून हवा.

मोठं दार उघडेना तर

'अप' आणि 'इनसाइड आउट'चे दिग्दर्शक पीट डॉक्टर 1990 मध्ये कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या आर्ट कॉलेजमधून बाहेर पडले आणि थेट पिक्सारला लागले, हे ऐकून सगळे म्हणतात काय नशीब. पण तेव्हाचं पिक्सार कसं होतं ते बघा. कंपनी जाहिराती करत होती, पहिली फीचर फिल्म यायला अजून पाच वर्षं होती, बाहेर फार कुणाला नाव माहीत नव्हतं. आजची ड्रीम कंपनी त्या दिवशी एक छोटा स्टुडिओ होती जिथे काम चांगलं चाललेलं होतं. म्हणून यादी करताना तीन-चार मोठ्या नावांखाली दहा अशी छोटी नावं लिहा ज्यांचं काम तुम्हाला मनापासून आवडतं. मोठ्या फिल्मचे क्रेडिट्स शेवटपर्यंत बघा, व्हीएफएक्सच्या, म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्सच्या, भागात किती वेगवेगळ्या कंपन्यांची नावं येतात ते मोजा, त्यातल्या बऱ्याच जणी नवीन लोकांना घेतात. छोट्या जागी तुम्हाला लवकर खरे शॉट मिळतात, आणि पुढे मोठ्या कंपनीला तेच बघायचं असतं.

दुसरं दार म्हणजे सुरुवातीची, बाहेरून कमी दिसणारी पदं. रोटो आणि पेंट, म्हणजे फ्रेम-फ्रेम कापून वस्तू वेगळी करणं आणि वायरी पुसणं. क्यूए टेस्टर. रनर, म्हणजे धावपळीची वरकामं करणारा. प्रॉडक्शन असिस्टंट. यातलं प्रॉडक्शन असिस्टंट मला स्वतःला सगळ्यात चांगलं वाटतं, कारण तो रोज डेलीज मध्ये बसतो. डेलीज म्हणजे आदल्या दिवसाचे शॉट सुपरवायझर बघतात ती मीटिंग, आणि असिस्टंट नोट्स लिहितो: शॉट 40, डाव्या हाताची सावली पातळ करा, शॉट 52, डोळे आठ फ्रेम आधी वळवा, शॉट 60, फायनल. या नोट्स वर्षभर लिहिणाऱ्याला चांगलं काम म्हणजे काय ते कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कळतं, आणि अख्ख्या स्टुडिओत कोण काय करतं हेही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, प्रॉडक्शनमधून आर्टमध्ये आपोआप बदली होत नाही. ते हवं असेल तर संध्याकाळी स्वतःची रील चालू ठेवावी लागते, आणि इंटरव्ह्यूत "मला खरं तर ॲनिमेटर व्हायचंय, हे तात्पुरतं" असं म्हणालात तर तिथेच विषय संपतो, कारण समोरच्याला प्रॉडक्शनमध्ये मनापासून राहणारा माणूस हवा असतो.

ओळखी कशा करायच्या

"सर प्लीज रेफर करा" असा मेसेज कुणालाही पाठवू नका. ज्याने तुमचं काम बघितलेलं नाही तो तुम्हाला कुठल्या तोंडाने रेफर करणार? त्याऐवजी ज्या पदावर जायचंय त्याच पदावर दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेली माणसं शोधा, मोठ्या सुपरवायझरपेक्षा हे लोक जास्त उत्तरं देतात आणि त्यांना भरतीची प्रक्रियाही ताजी आठवत असते. मेसेज साधारण असा:

"नमस्कार, मी लाइटिंग शिकतेय, शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्या रीलमधला पावसातला गल्लीचा शॉट बघितला, ओल्या रस्त्यावरचं रिफ्लेक्शन तुम्ही लाइटिंगमध्येच सोडवलं की कंपोझिटिंगमध्ये? मी तसं करून बघितलं पण माझ्याकडे नॉइज फार येतोय, लिंक खाली देतेय. वेळ मिळाला तर एक-दोन ओळीत सांगाल का?"

बघा, यात नोकरी मागितलेली नाही, प्रश्न असा आहे ज्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, आणि तुमचं काम लिंकमधून आपोआप समोर गेलंय. उत्तर आलं की सांगितलेली दुरुस्ती खरंच करा आणि महिन्याभराने नवीन व्हर्जन पाठवा. इतकं करणारे फारच कमी असतात आणि म्हणूनच लक्षात राहतात. चालू प्रोजेक्टबद्दल मात्र काही विचारू नका, सगळे एनडीएखाली, म्हणजे गुप्ततेच्या कराराखाली, असतात, उगाच त्यांना अवघडल्यासारखं होतं.

सिग्राफ ही कॉम्प्युटर ग्राफिक्सची कॉन्फरन्स 1974 पासून भरते आणि तिथे विद्यार्थी स्वयंसेवकांचा प्रोग्रॅम असतो. अशा ठिकाणी काम करत करत ओळखी होतात, त्या जास्त टिकतात. आणि वर्गमित्रांशी नीट वागा, पहिली रेफरल बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरूनच येते.

अर्ज आणि इंटरव्ह्यू

रेझ्युमे एक पान, साधा. पोस्टमध्ये सॉफ्टवेअरचं नाव जसं लिहिलंय तसंच लिहा, कारण आधी सिस्टिम चाळते आणि माणूस नंतर वाचतो. स्किल्सपुढे टक्क्यांचे बार आणि चांदण्या नकोत, "माया 80 टक्के" याचा अर्थ कुणालाच लागत नाही. रीलची लिंक सगळ्यात वर, आणि पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन नसताना ती उघडते का बघा. पासवर्ड लावला असेल तर पासवर्ड लिंकच्या शेजारीच लिहा, मागत बसायला कुणाला वेळ नसतो.

इंटरव्ह्यूत "आमच्याकडेच का यायचंय?" हा प्रश्न येतोच. "लहानपणापासून तुमच्या फिल्म्स बघतोय" हे खरं असलं तरी समोरच्याने ते सकाळपासून सगळ्यांकडून ऐकलेलं असतं. त्यांच्या एखाद्या अलीकडच्या कामातली एक नेमकी गोष्ट घ्या, तुमच्या विभागातली, आणि ती कशी केली असेल याबद्दल तुमचा अंदाज सांगा. मग बघा गप्पा कशा सुरू होतात. रीलमधल्या प्रत्येक शॉटवर "आज परत केला तर काय बदलशील?" याचं उत्तर तयार ठेवा, कारण टीका ऐकून माणूस वैतागतो की कामाला लागतो हे त्यांना बघायचं असतं, पुढे रोज तेच होणार असतं. टेस्ट दिली तर किती तासांची आहे ते विचारा. आठवडाभराचं फुकट काम मागणारी आणि पुढे वापरता येईल असा तयार शॉट करून घेणारी टेस्ट असेल तर ती भरती नाही, फुकटात करून घेतलेलं काम आहे, नम्रपणे नाही म्हणा.

नोकरीच्या बदल्यात ट्रेनिंग फी, डिपॉझिट, सॉफ्टवेअरचे पैसे, काहीही मागितलं की तिथेच थांबायचं. मोठ्या स्टुडिओंच्या नावाने खोटे ऑफर मेल फिरतात. खरा रिक्रूटर कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून लिहितो आणि ती पोस्ट कंपनीच्या करिअर पेजवर सापडते, दोन्ही तपासा.

ऑफर आल्यावर

आनंदात सही करायच्या आधी एवढं विचारा: पर्मनंट आहे की प्रोजेक्टपुरतं? प्रोजेक्ट पुढे ढकलला तर काय? ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का? पहिल्या नोकऱ्या बहुतेक प्रोजेक्टपुरत्याच असतात आणि त्यात कमीपणा नाही, पण तसं धरून बचत करावी लागते. रिदम अँड ह्यूज या व्हीएफएक्स कंपनीने फेब्रुवारी 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात तिच्या कामाला ऑस्कर मिळाला. 2023 मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप 148 दिवस चालला, कलाकारांचा 118 दिवस, आणि त्या काळात संपात नसलेल्या असंख्य लोकांचंही काम थांबलं. हे घाबरवायला सांगत नाहीये. चार-सहा महिने काम नसलं तरी घरभाडं निघेल एवढी गाठ मारून ठेवायची, एवढंच.

रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे तुम्ही हळू असणार, सगळेच असतात, कारण प्रत्येक स्टुडिओची पाइपलाइन, म्हणजे काम एका विभागातून दुसऱ्याकडे नेण्याची पद्धत, वेगळी असते आणि ती कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. प्रश्न लिहून ठेवा, पंधरा-वीस मिनिटं स्वतः शोधा, नाही सापडलं तर विचारा, पण दिवसभर अडकून बसून संध्याकाळी सांगू नका, तुमच्या शॉटची वाट पुढचा विभाग बघत असतो. फाइलची नावं ठरलेल्या पद्धतीनेच द्या. स्क्रीनचा फोटो, मग तो कितीही साधा असो, कुणाला पाठवू नका, एनडीए मोडल्यावर नोकरी तर जातेच पण नावही खराब होतं.

प्रोजेक्ट संपत आला की दोन कामं आठवणीने करा. क्रेडिट लिस्टसाठी नावाचं स्पेलिंग विचारणारा मेल येतो, त्याला मुदतीत उत्तर द्या, कारण एकदा लिस्ट लॉक झाली की बदल होत नाही. आणि फिल्म किंवा गेम बाहेर आल्यावर तुमचे कुठले शॉट रीलमध्ये वापरता येतील, परवानगी कोणाकडून घ्यायची, हे शेवटच्या दिवसाच्या आधीच कोऑर्डिनेटरला विचारून मेलवर लेखी घेऊन ठेवा, शॉट नंबरसकट. कंपनीचा ईमेल बंद झाल्यावर ते नंबर शोधायला फार त्रास होतो.